मुदत नसलेला नवस

"डॉक्टर, ह्ये ऑपरेशन चीन-तैवानचं मिटल्यावर केलं तर चालंल का?"

डॉ. पद्मजा मुळे यांनी हातातला एक्स-रे खाली ठेवला. अठरा वर्षांत गुडघ्याचं ऑपरेशन पुढं ढकलायची कारणं त्यांनी पोत्यानं ऐकली होती. कुणाचं सोयाबीन काढायचं राहिलेलं असे, कुणाच्या पुतणीचं लग्न असे, वैजापूरच्या एका आजोबांनी तर म्हशीचे दिवस भरलेत म्हणून तारीख बदलून घेतली होती. पण आंतरराष्ट्रीय राजकारण त्यांच्या दवाखान्यात पहिल्यांदाच आलं होतं.

"कुणाचं मिटल्यावर?"

"चीनचं. आन तैवानचं."

"त्याचा तुमच्या गुडघ्याशी काय संबंध?"

कारभारी गाडेकरानं बायकोकडं पाहिलं. कडूबाई भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडं बघत बसली होती. नवऱ्यापेक्षा ते चित्र बघायला बरं, असा तिचा चेहरा होता.

"सांगा की आता," ती म्हणाली. "माझ्याकडं कामून बघू राहिले? नवस म्या बोलले का?"

मग कारभाऱ्यानं सांगितलं. बाहेर अकरा पेशंट बसले होते आणि आत चीनचं आरमार कुठवर आलं याचं वर्णन चाललं होतं. डॉक्टरीणबाई हुशार होत्या, पण त्यांनाही पहिल्या फटक्यात काही कळलं नाही. कळावं म्हणून तेरा वर्षं मागं जावं लागतं.

कारभारी हा वाळूजच्या 'देवगावकर प्रिसिजन' नावाच्या कारखान्यातला मेंटेनन्स फिटर. मशीन बंद पडलं की हाक त्याला. मूळ गाव कन्नडच्या अलीकडं, तिथली तीन एकर भावाकडं. हा आयटीआय करून शहरात आला, वाळूजला चिकटला, गारखेड्यात दोन खोल्या बांधल्या आणि एकतीस वर्षं बंद पडलेल्या वस्तू चालू करत राहिला. त्याचा फोटो कधी पेपरात आला नाही. येईल असं त्यालाही वाटलं नाही. आयुष्यात विशेष म्हणावं असं एकच घडलं. २०१२ साली कारखान्यात तैवानचं सीएनसी मशीन आलं आणि ते बसवायला ताइचुंग गावाहून लिन नावाचा इंजिनिअर आला.

काम चार दिवसांचं होतं. पण आपल्याकडची वीज, आपल्याकडचं फाउंडेशन आणि आपल्याकडचं 'उद्या करू' हे तिन्ही धरून लिनला चाळीस दिवस लागले. पाचव्या दिवशी हॉटेलचं तेलकट खाऊन त्याचं पोट बिघडलं. सातव्या दिवशी तो मशीनला टेकून उभा राहायला लागला. मालक मुंबईला गेलेले. कारभाऱ्यानं त्याला मोटारसायकलवर मागं बसवलं आणि सरळ घरी आणलं.

कडूबाईनं देश विचारला नाही, धर्म विचारला नाही. "गालाची हाडं बघा याच्या," एवढंच म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, वर कच्चं तेल. लिननं पहिला घास खाल्ला, त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यानं ताट पुढं केलं. पुढचे तेहतीस दिवस तो रात्रीच्या जेवणाला गारखेड्यात होता. दोघांना एकमेकांची भाषा अजिबात येत नव्हती. एक जण स्पॅनर मागायचा आणि दुसरा तोच काढून द्यायचा, एवढ्यावर त्यांचं उत्तम चाललं.

एकदा जेवणानंतर लिननं पाकिटातून पोराचा फोटो काढला. सहा वर्षांचं पोर, हसतंय, पुढचा दात पडलेला. कडूबाईनं त्या फटीवर बोट ठेवलं, आत जाऊन आपल्या लेकीला, श्रेयाला, दंड धरून आणलं आणि म्हणाली, "आऽ कर." श्रेयाचाही तोच दात पडला होता. चौघं एवढे हसले की शेजारचे वैजनाथराव काय झालं बघायला आले. लिन गेला, मशीन राहिलं, आणि दोन घरांचं नातं त्या एका दातावरून जे जुळलं ते जुळलं. दिवाळीला इकडून फराळाचा फोटो जायचा, त्यांच्या नववर्षाला तिकडून मोदकासारखं काहीतरी यायचं. पोरगं फोटोफोटोतून उंच होत गेलं.

इथवर सगळं ठीक होतं. मग यंदाचा एप्रिल आला.

जेवणाच्या सुट्टीत गोकुळनं मोबाईल पुढं केला. गोकुळ हा शेजारच्या मशीनवरचा ऑपरेटर, आणि कारखान्याचं वृत्तपत्रही. स्क्रीनवर जहाजं होती, विमानं होती, आणि निवेदक असा ओरडत होता की त्याच्याच घरावर बाँब पडलाय.

"काका, तुमच्या लिनचं काय खरं नाय. चीननं चारी बाजूनं घेरलं."

"कामून?"

"चीन म्हणतो ह्ये बेट माझं. बेट म्हणतं, मी माझं मी."

कारभाऱ्यानं भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला. "म्हणजे बांधाचं भांडण."

"बांध कुठला? मधी समुद्र हाय."

"समुद्र म्हंजे काय रे? पाण्याचा बांध. थोरला म्हणतो वाटणी झालीच नाय, धाकटा म्हणतो चूल येगळी होऊन जमाना झाला. आमच्या गावात असले तीन दावे हायेत. पण ही जहाजं कशाला?"

"सराव म्हणं. लढाईचा."

"म्हणजे थोरल्यानं रोज सकाळी कुऱ्हाड घेऊन धाकट्याच्या अंगणात जोर मारायचे," कारभारी म्हणाला. "आन वर म्हणायचं, मी तर व्यायाम करू राहिलो."

त्यानं संध्याकाळी श्रेयाकडून लिनला मेसेज धाडला. श्रेयाच्या मोबाईलात भाषांतराचं अ‍ॅप होतं. इकडून मराठी टाकलं की तिकडं चिनी निघायचं, आणि तिकडून जे परत यायचं त्याला मराठीच म्हणायचं, पण दमलेली. 'घरी सगळं बरं आहे का?' याला उत्तर आलं: 'घर चांगले आहे. आम्हाला सवय आहे. मुलगा सैन्यात एक वर्ष आहे, कायदा आहे. मुलगा समुद्राजवळ आहे. अजून चार महिने.'

कारभाऱ्यानं ते तीनदा वाचलं. पडक्या दाताचं पोर समुद्राजवळ बंदूक घेऊन उभं आहे, हे त्याच्या डोक्यात बसेना. रात्रभर तो कूस बदलत राहिला. सकाळ झाली ती शनिवारची. त्यानं मोटारसायकल काढली, खुलताबाद गाठलं आणि भद्रा मारुतीच्या रांगेत उभा राहिला. पुढ्यात आल्यावर हात जोडले. मागून धक्के, बाजूनं सेवेकऱ्याचं 'चला चला, पुढं चला'. त्या घाईत त्याच्या तोंडून निघालं ते असं: "मारुतीराया, तिथं लढाई होऊ देऊ नको. घरापासून पायी येईन."

बस. एवढंच. घरी येऊन त्यानं मोठ्या समाधानानं कडूबाईला सांगितलं.

कडूबाई पोळ्या लाटत होती. ती थांबली. "कधी जाणार पायी?"

"लढाई नाय झाली की."

"आज झाली का?"

"नाय."

"मग आज जायाला पायजे व्हतं."

कारभारी हसायला लागला आणि मध्येच थांबला.

"उद्या नाय झाली तर उद्या जाणार? परवा?" कडूबाईनं लाटणं उचललं. "पोर व्हऊ दे म्हटलं की पोर होतं, मग फेडता. नोकरी लागू दे म्हटलं की लागती, मग फेडता. तुमी म्हणले व्हऊ नको. न व्हणं पुरं कधी व्हतं? आज जाऊन फेडला तर देव मोकळा झाला. परवा तिकडं बाँब पडला तर कंच्या तोंडानं जाणार त्याच्याकडं? आन फेडलाच नाय तर तो म्हणंल, ह्यो फुकट्या."

कडूबाईचं शिक्षण चौथीपर्यंत. पण तिनं घातलेला पेच पुढचे पंधरा दिवस गारखेड्याच्या त्या गल्लीत कुणाला सुटला नाही. शेवटी प्रकरण वैजनाथरावांकडं गेलं. वैजनाथराव एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते, पण ही बातमी त्यांच्या स्वभावापर्यंत पोचलेली नव्हती. त्यांनी चष्मा लावला, कोरा कागद घेतला आणि सगळं टिपून घेतलं.

"ही त्रुटी आहे, गाडेकर," ते म्हणाले. "गंभीर त्रुटी आहे. नवस हा सशर्त अर्ज. तुम्ही मुदतच घातली नाही."

"मग आता?"

"दुरुस्ती. 'लिन यांचे चिरंजीव सेवा संपवून सुखरूप घरी येईपर्यंत', असा मजकूर घाला. म्हणजे अट पूर्ण होण्याला एक निश्चित दिवस मिळतो." त्यांनी लिहिलं आणि पेन थांबवलं. "पण एक सांगून ठेवतो. यानं तुमचा नवस आखडतो. तिथं दोन कोटींच्या वर लोक आहेत. मूळ मजकुरात ते सगळे येत होते. दुरुस्तीनंतर एकच मुलगा राहतो."

हे कारभाऱ्याला लागलं. दोन कोटी माणसं आपण एका कागदानं बाहेर काढतोय की काय, असं त्याला वाटून गेलं.

"माझ्या वळखीचं तर एकच हाय," तो हळूच म्हणाला. "बाकीच्यांचं ज्याचं त्यानं कुणीतरी बोललंच असंल की."

वैजनाथरावांकडं याला आडवा येणारा नियम नव्हता. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

पुढच्या शनिवारी कारभारी तो कागद घेऊन पुन्हा रांगेत. आता खुलताबादचा मारुती आहे निजलेला. देव आडवा, वर शेंदूर. झोपलेल्या देवाला दुरुस्ती कळवायची कशी, हा प्रश्न वैजनाथरावांनी काढलाच नव्हता. कारभाऱ्यानं कागद उघडला आणि न चुकता दोनदा वाचला. दुसऱ्या वेळी जरा मोठ्यानं. सेवेकऱ्यानं खांद्यावर हात ठेवला. "काका, अर्ज तहसीलला द्यायचे. इथं नुसतं डोकं टेकवा."

तेव्हापासून कारभाऱ्याचे दोन धंदे झाले. आठ तास मशीन सांभाळायचं आणि उरलेला वेळ तैवान. गोकुळ रोज दुपारी आकडे सांगायचा, आज विमानं किती, जहाजं किती. आकडा कमी असला की कारभारी दोन घास जास्त खायचा. गोकुळच्या मशीनचा कंट्रोल पॅनेल चीनचा होता, खास त्या खंडप्राय देशातला. एका दुपारी तो अडकला आणि तिथला इंजिनिअर व्हिडिओ कॉलवर आला. पंचविशीतला, गोरागोमटा, इंग्रजी आपल्या गोकुळइतकीच. कारभारी मागून येऊन उभा राहिला.

"इचार त्याला," तो म्हणाला.

"काय इचारू?"

"काय चाललंय ह्ये म्हणावं तुमचं. लोकाची पोरं हायेत तिकडं."

गोकुळनं जमेल तसं विचारलं. पलीकडचा पोरगा गोंधळला. इकडंतिकडं बघितलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाला की त्याला फक्त कंट्रोल पॅनेलचं माहीत आहे. थोडं थांबून त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली. त्याचा धाकटा भाऊही आरमारात आहे आणि आई त्याच्यासाठी रोज उदबत्ती लावते. कारभारी आपल्या मशीनकडं गेला. त्या दिवशी तो फारसा जेवला नाही. दुरुस्तीत या पोराच्या भावाला बसवायला जागा आहे का, हे वैजनाथरावांना विचारायचं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण ते कागद घेऊन बसतील या भीतीनं विचारलं नाही.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण मधेच गुडघ्यानं दगा दिला. जूनमध्ये नुसता कुरकुरत होता, जुलैत जिन्यावर अडायला लागला. एकतीस वर्षं दुसऱ्याच्या बेअरिंगचा आवाज ऐकलेल्या माणसाला आपलं बेअरिंग गेलं हे सांगायला डॉक्टर लागत नाही. पण कडूबाईनं नेलंच.

आणि म्हणून तो प्रश्न.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे तुम्हाला इथून खुलताबादला पायी जायचंय," त्या म्हणाल्या. "पंचवीस-सत्तावीस किलोमीटर. मध्ये घाट."

"व्हय."

"या गुडघ्यावर तुम्ही बसस्टॉपपर्यंत जाताय हीच कमाल आहे. ऑपरेशननंतर सहा महिने तर नावच काढू नका. त्यानंतरही एवढं चालायची परवानगी मी देणार नाही."

"म्हणून तर म्हणलो. पोरगं ऑगस्टात घरी येतंय. तवर पायी जाता येत नाय, आधीच फेडलं तर देव मोकळा व्हतो. अन ऑपरेशन आधी केलं तर चालताच येत नाय."

डॉक्टरीणबाई कडूबाईकडं वळल्या. "तुम्ही समजावा ना यांना."

"म्या तेहतीस वर्सं समजावू राहिले," कडूबाई म्हणाली.

बाईंनी कॅलेंडर ओढलं. ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारावर गोल केला. "तोवर गोळ्या घ्या, पट्टा बांधा. आणि हे बघा, चालणार असाल तर मला सांगू नका."

ऑगस्टच्या मधल्या एका गुरुवारी मेसेज आला. श्रेया कॉलेजातून आली ती मोबाईल वर धरूनच. 'मुलगा घरी आला. मुलाचे केस नाहीत.' सोबत फोटो. तुळतुळीत डोकं, रापलेला चेहरा, खांद्यावर भलीमोठी बॅग, आणि सगळे दात जागेवर. कारभारी फोटो घेऊन वैजनाथरावांकडं गेला, त्यांनी अट पूर्ण झाल्याचं तोंडी कळवलं. दोन दिवसांनी श्रावणी शनिवार होता.

पहाटे तीनला तो निघाला तेव्हा दारात कडूबाई पदर खोचून उभी.

"तू कुठं?"

"तुमी पडले की उचलायला कोण हाय?"

श्रावणातल्या शनिवारी त्या रस्त्यावर माणसांची रीघ असते. पोरंटोरं, कॉलेजच्या पोरी, म्हाताऱ्या, अनवाणी, बूट घातलेले, सगळे खुलताबादकडं. पडेगावपर्यंत कारभारी झोकात चालला. शरणापूरच्या फाट्यावर त्यानं पट्टा घट्ट केला. दौलताबादला कुठल्याशा मंडळाचे लोक साबुदाण्याची खिचडी वाटत होते, तिथं तो बसला तो उठताना कडूबाईचा खांदा धरून उठला. "बरं हाय," तो म्हणाला. तिनं विचारलं नव्हतं.

घाट सुरू झाला आणि तिसऱ्या वळणावर गुडघा संपला. कळ आली नाही, आवाज झाला नाही, पाय पुढं टाकला आणि तो खाली जमीनच नसल्यासारखा गेला. कारभारी कठड्याला धरून बसला. पँट वर केली तर गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता. अजून पाच-सहा किलोमीटर होते.

"रिक्षा थांबवू?" कडूबाई म्हणाली.

"रिक्षानं नवस फिटत नाय."

"मग?"

"बसतो जरा. सूज उतरली की जातो."

कडूबाईनं गुडघ्याकडं पाहिलं. ती सूज या शनिवारी उतरणार नव्हती, पुढच्याही नाही, आणि ऑपरेशनच्या सोमवारनंतर तर विषयच संपला. हे तिला कळलं आणि तिला कळलंय हे त्याला कळलं. कारभाऱ्यानं मान फिरवून दरीकडं बघायला सुरुवात केली. सत्तावन्न वर्षांचा माणूस, रस्त्यानं हजार लोक चाललेले, त्यांच्यासमोर डोळे पुसायचे कसे?

"द्या तो नारळ," कडूबाई म्हणाली.

"नवस माझा हाय."

"त्या पोराच्या बापाला भाकरी कुणी थापून घातली? तुमी का मारुतीनं?"

त्यानं पिशवी छातीशी धरली.

"लग्नात तुमच्यामागं चालले तवा कुणी इचारलं नव्हतं तुझं काय अन माझं काय. द्या."

त्यानं पिशवी दिली. कडूबाईनं नारळ पदरात घेतला, चपला काढून त्याच्याजवळ ठेवल्या आणि चढ चढायला लागली. चार महिने तिनं या नवसाची एवढी टर उडवली होती की गल्लीतली पोरं तिला बघून 'चायना' म्हणायची. आता ती गर्दीतून चालली होती, भरभर, खाली बघून, आणि तिनं एकदाही मागं पाहिलं नाही. कारभाऱ्याला ती वळणापर्यंत दिसली. मग गर्दी दिसली.

साडेदहाला फोन वाजला. मागं घंटांचा गलका होता. "ठेवला नारळ," ती ओरडली. "तुमचं नाव सांगितलं, त्या पोराचं सांगितलं. लिन का फिन, मला नीट येत नाय, पण त्याला कळलं असंल. बसा तिथंच." आणि फोन बंद.

कारभाऱ्यानं बसल्या जागी वरच्या दिशेनं हात जोडले. फिटला नवस. त्याला वाटलं होतं मोठं हलकं वाटेल. वाटलंही, क्षणभर. मग आठवलं की आता देव मोकळा झाला.

तेवढ्यात पुन्हा फोन. या वेळी चित्रासकट. लिन. कानाजवळचे केस पांढरे झालेले, बाकी तसाच. मागं स्वयंपाकघर, जेवणाचं टेबल. तिकडं दुपार झाली होती. लिननं तोंडभर हसून काहीतरी म्हटलं, कारभाऱ्यानं तोंडभर हसून काहीतरी म्हटलं, आणि दोघांनाही नेहमीप्रमाणे काही कळलं नाही. मग लिननं दुसरा मोबाईल कॅमेऱ्यासमोर धरला. त्यावर मराठी अक्षरं होती.

'तुम्ही रस्त्यावर का बसला आहात?'

कारभाऱ्यानं चटकन गुडघ्यावर पँट ओढली. इथं चार शब्द बोलले असते तर त्या अ‍ॅपनं ते तिकडं पोचवले असते. नवस, मारुती, सत्तावीस किलोमीटर, सगळं. पण ते सांगायचं म्हणजे त्या पोराच्या जिवाचं ओझं त्याच्याच बापाच्या डोक्यावर ठेवायचं. कारभाऱ्याला ते पटेना. त्यानं हातानं डोंगर दाखवला, हवा छान आहे अशी खूण केली, फिरायला आलोय असं दोन बोटं चालवून दाखवलं. लिननं मान डोलावली.

मग त्यानं कॅमेरा फिरवला. टेबलाशी पोरगं बसलं होतं. तुळतुळीत डोकं, पुढ्यात वाडगा, हातात काड्या. त्यानं कॅमेऱ्याकडं बघून घाईनं मान लववली, बापाला काहीतरी विचारलं, बहुधा हे काका कोण, आणि उत्तर पुरतं न ऐकताच पुन्हा वाडग्यात डोकं घातलं. लिननं मोबाईल पुन्हा समोर धरला. तीन ओळी होत्या.

'मुलगा आता राखीव आहे. सरकार बोलावेल तेव्हा मुलगा जाईल. आज मुलगा घरी जेवतो.'

कारभाऱ्यानं त्या ओळी पुन्हा वाचल्या. म्हणजे संपलं नव्हतंच. हे पुढं कधीही निघणार, आणि तेव्हा आपल्याकडं चालायला पाय नसणार. त्याला त्या पोराला खूप काही सांगावंसं वाटलं. जपून राहा, समुद्राच्या कडेला उभा राहू नको, आईला रोज फोन कर. पण पोराचं लक्ष नव्हतं. त्यानं वाडगा रिकामा केला आणि न बघताच बाजूला धरला. कॅमेऱ्याच्या बाहेरून एक हात आला, बाईचा, आणि वाडगा काठोकाठ भरून गेला. पोरगं पुन्हा तुटून पडलं. गाल फुगलेले, कानशिलं हलतायत.

कारभारी मोबाईल दोन्ही हातांनी धरून बघत राहिला.

घाट उतरणारी एक रिक्षा कठड्याशी येऊन थांबली. चालक खुलताबादचाच असावा. त्यानं डोकं बाहेर काढलं, पँटीखाली फुगलेला गुडघा बघितला. "चाचा, पैर गया क्या? आओ बैठो, छोड देतूं शहर में."

कारभाऱ्यानं वर न बघता एक हात उचलला.

"थांब रे बाबा जरासं," तो म्हणाला. "पोरगं जेवू राहिलं."